वहिवाट आणि तिकीट

सरकारी जंगलातील सहलविहार आणि लोकांचा तेथील प्रवेश हा विषय कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मांडावा, याचे कित्येक श्रोत्यांना नवल वाटेल. जंगलाविषयी बोलावे ते वनाधिकाऱ्याने, पक्षी पाहणाऱ्याने, फार तर शिकारकथा लिहिणाऱ्याने, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण विडी कारखान्याच्या ओट्यावर, तेंदूपानांच्या फळीवर आणि मजुरांचे अर्ज घेऊन कचेरीत ताटकळत बसले असता जुनी दप्तरे उलटताना झाले. त्या दप्तरांत आम्हांला एक शब्द भेटला. तो शब्द 'निस्तार'. आजचे आमचे बोलणे म्हणजे एका अर्थी या एका शब्दाचीच हकीकत आहे. आणि ती आम्ही कुही तालुक्याच्या निमित्ताने सांगणार आहो.

प्रथम विरंगुळ्याचा आणि कामगार चळवळीचा संबंध काय, ते सांगून टाकू. रविवारची सुटी आज आपण सूर्योदयाइतकी स्वाभाविक मानतो. वस्तुतः ती मागून, भांडून घेतलेली गोष्ट आहे. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. 24 एप्रिल 1890 रोजी त्यांनी दहा हजार कामगारांची सभा भरविली, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. दुसऱ्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने तिला सरकारी मान्यता आली. नागपुरात एम्प्रेस मिलचे चक्र 1877 पासून फिरत होते. तेथल्या मजुरालाही पुढे या सुटीचा लाभ झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते सांभाळीत असताना कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणण्याचा कायदा पुढे आला आणि तो 1946 साली झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने तर 1924 सालीच मजुराच्या फावल्या वेळाचा विचार सर्व देशांपुढे शिफारशीच्या रूपाने ठेवला होता. आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमात विश्रांती व फुरसत हा माणसाचा हक्क म्हणून नोंदला गेला.

अशा रीतीने वेळ मिळाला. पण त्या वेळात जायचे कोठे? श्रीमंताला बंगला आहे, बाग आहे, थंड हवेचे ठिकाण आहे. मजुराजवळ यांपैकी काही नाही. त्याच्या वाट्याला येते ती सर्वांची म्हणून असलेली जागा. नदीचा घाट, देवाची टेकडी, गावाचे रान. आता हे रान सरकारचे झाल्यावर ते सर्वांचे राहिले की नाही, हा आमचा प्रश्न आहे.

कुही हे नागपूरच्या आग्नेयेस असलेले तालुक्याचे गाव. तालुक्याच्या पूर्वेकडून वैनगंगा वाहते, दक्षिणेकडे साग, ऐन, मोह, तेंदू यांचे रान उमरेड-भिवापूरच्या रानाला जाऊन मिळते. हा मुलूख शहरातून आलेल्या माणसाला निर्मनुष्य अरण्य वाटतो. पण जमीन उकरली की निराळीच साक्ष मिळते. या तालुक्यातील अडम येथे भारतीय पुरातत्त्व खात्याने 1988 नंतर उत्खनन केले, तेव्हा मातीच्या तटाने वेढलेले, सातवाहन काळात भरभराटलेले नगर सापडले. मांढळला वाकाटकांच्या काळातील ताम्रपट आणि मूर्ती मिळाल्या. पवनीला बौद्ध स्तूपांचे अवशेष 1969-70 च्या उत्खननात उघडे पडले. तात्पर्य, या रानातून दोन हजार वर्षे माणसाच्या वाटा गेलेल्या आहेत. भिक्षू गेले, व्यापारी गेले, कोसा विकणारे गेले, गुरांमागे गोवारी गेले. जंगल आणि माणूस येथे एकमेकांच्या सोबतीने राहिले आहेत. नियोजन करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याने ध्यानात ठेवली पाहिजे. कारण कोऱ्या कागदावर रेघ ओढणे सोपे असते, आणि हा कागद कोरा नाही.

आता निस्ताराकडे वळू. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले 1853 साली निपुत्रिक वारले, आणि दुसऱ्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतर झालेल्या जमाबंदीत सारा वसूल करणाऱ्या पाटला-मालगुजारांना इंग्रजांनी गावाचे मालक ठरविले. गावाचे रान, पडीत, तलाव ही सारी मालगुजाराच्या नावावर चढली. परंतु साहेबाच्याही ध्यानात आले की, कुळाला जळण नाही, कुंपणाला काटी नाही, गुरांना चराई नाही, तर शेती चालणार नाही आणि साराही मिळणार नाही. म्हणून गावोगावच्या चालीरीती लिहून घेतल्या गेल्या. त्या लेखाचे नाव 'वाजिब-उल-अर्ज', म्हणजे जे सांगणे वाजवी आहे ते. घरसंसार आणि शेती निभावण्यासाठी रानातून, पडितातून, पाण्यातून जे लागेल ते घेण्याची जी मोकळीक, तिला निस्तार म्हणत. गुरे कोठे चरावीत, लाकूड कोणते घ्यावे, मुरूम कोठून खणावा, वाट कोणाच्या बांधावरून जावी, हे त्यात येते.

या कागदांत विरंगुळा हा शब्द शोधून सापडायचा नाही. खेड्यातल्या माणसाच्या जिण्यात काम आणि विरंगुळा असे दोन कप्पेच नव्हते. मोह वेचायला गेलेल्या बायका उजाडताना गाणी म्हणत, आणि त्या गाण्याला कोणी सहल म्हणत नसे. होळीचे लाकूड, पोळ्याला दाराशी उभा करायचा पळसाचा मेढा, कार्तिकातले आवळीभोजन, नवस फेडायला झाडाखाली गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, महाशिवरात्रीला आंभोऱ्याची यात्रा, ही या भागाची सहल. आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम या नद्यांसह पाच नद्यांचा संगम मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' येथेच रचिला अशी परंपरा सांगते. तोच मान मराठवाड्यातील अंबाजोगाईही सांगते. तो वाद पंडितांनी सोडवावा. आम्हांला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, रानाकडे आणि नदीकडे नुसते आनंदासाठी, शांतीसाठी जाण्याची रीत येथे साहेबाने आणलेली नाही. ती जुनी वहिवाट आहे.

साहेबाने जे आणले ते फाटक. 1865 चा आणि मग 1878 चा वनकायदा झाला. त्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि गावचे असे तीन वर्ग केले. राखीव जंगलात जे करण्यास परवानगी नाही ते सारे गुन्हा ठरले, पाय ठेवणेसुद्धा. रेल्वेला सागाचे स्लीपर हवे होते, कोळसा हवा होता. आणि चराई व गवत यांवर फी लावून उत्पन्नही होत होते. 1927 चा कायदा याच पायावर उभा आहे, आणि पुष्कळ दुरुस्त्यांसह तो आजही आपल्या डोक्यावर आहे.

मात्र हे फाटक सर्वांसाठी सारखे बंद नव्हते. त्याच जंगलाचे शिकारीसाठी विभाग पाडलेले असत आणि परवाना घेऊन साहेब, राजेरजवाडे, पुढे हौशी वकील-कंत्राटदार तेथे जात. आमच्या मते सरकारी जंगलातील सहलीच्या नियोजनाचा आपल्याकडील पहिला नमुना हाच. विश्रामगृह ठरलेले, मोसम ठरलेला, जनावरांची संख्या ठरलेली, फी ठरलेली. या सहलीसाठी गावकरीही रानात जात. पण ते हाका करायला. डबे वाजवीत, ओरडत, पायी, वाघाच्या पुढ्यात. त्यांना मजुरी किती मिळे आणि बेगार किती होई, याचा हिशेब शिकारीच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. एकच रान, एकच दिवस. एकाला तो आनंदाचा, दुसऱ्याला सक्तीचा. आणि हाका संपल्यावर तोच गावकरी काडीची मोळी घेऊन निघाला की गुन्हेगार.

याविरुद्ध जे उठले त्याला आपण जंगल सत्याग्रह म्हणतो. 1930 साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. वऱ्हाडात समुद्र कोठला? तेव्हा लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळ राखीव जंगलात गवत कापले आणि शिक्षा पत्करली. पाहता पाहता मध्यप्रांत-वऱ्हाडात ही चळवळ पसरली. कोकणात चिरनेरला त्याच वर्षी 25 सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे मेली. सिवनी जिल्ह्यात तुरिया येथे ऑक्टोबरात गोंड स्त्रीपुरुषांवर गोळ्या झाडल्या गेल्या. लोक विळ्याने गवत कापीत होते आणि त्या विळ्याचे म्हणणे एवढेच होते की, ही आमची वहिवाट आहे.

योगायोग असा की, याच सुमारास आमच्या कोष्ट्यांचा धंदा ज्या मँचेस्टरच्या कापडाने बुडविला, त्या मँचेस्टरचे मजूरही रानाच्या फाटकाशी झगडत होते. धुराने कोंदलेल्या शहराभोवती पठारे होती. पण जमीनदारांनी ती पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. 24 एप्रिल 1932 रोजी सुमारे चारशे तरुण, बहुतेक कामगार, किंडर स्काउट नावाच्या पठारावर बंदी मोडून चढले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पण 1949 साली त्याच देशात राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात लोकांचा प्रवेश यांचा एकत्रित कायदा झाला, आणि 2000 साली पठारी रानांत पायी फिरण्याचा हक्क कायद्याने मिळाला. कायद्याच्या नावातच 'प्रवेश' हा शब्द आहे, याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधतो. आमच्या लोकांनी पोटासाठी सत्याग्रह केला, त्यांच्या लोकांनी फिरण्यासाठी. आम्हांला यात श्रेष्ठकनिष्ठ दिसत नाही. आणि आपल्याकडे याहूनही मूलभूत झगडा त्याआधीच, 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर झाला होता. सार्वजनिक म्हणविणारी जागा खरोखर सर्वांची आहे काय, हे तेथे ओंजळभर पाण्याने तपासले गेले.

स्वराज्य आले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि 31 मार्च 1951 पासून मालगुजारांची जंगले व तलाव सरकारजमा झाले. आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते माजी मालगुजारी तलाव हेच. गावाला वाटले, मालगुजार गेला, आता रान आपले. परंतु 1952 च्या राष्ट्रीय वननीतीने बजावले की, जंगलालगतच्या गावांचे हक्क राष्ट्रहिताच्या आड येता कामा नयेत. 1956 साली आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. निस्तार मात्र कागदावर टिकला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 161 पासून पुढे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या तरतुदी आजही वाचावयास मिळतात.

याच कागदांतून 'झुडपी जंगल' नावाची आपल्या पूर्व विदर्भाची एक खास चीज जन्मली. गावाजवळची खुरट्या झाडांची पडीत, जेथे गुरे चरत, पोरे खेळत, यात्रा भरत, ती नोंदीत झुडपी जंगल झाली. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर तिच्यावर शाळा बांधावी की न बांधावी असा पेच उभा राहिला. अखेर 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जंगल हे वनच मानावयाचे असा निकाल दिला. 1996 पूर्वीच्या वापरांना मात्र संरक्षण दिले. या निकालाकडे अडचण म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो, ते पुढे सांगू.

तिकडे शिकारीचे पर्व संपत आले होते. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. 1970 साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. हे झाले नसते तर आज वाघ फक्त चित्रात उरला असता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु या कायद्याचे अठ्ठाविसावे कलम प्रत्येकाने वाचावे. अभयारण्यात जाण्याचा परवाना कोणत्या कामांसाठी द्यावा, याची तेथे यादी आहे: वन्यप्राण्यांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आतील रहिवाशाशी कायदेशीर व्यवहार. पर्यटक या यादीत आहे. पिढ्यानपिढ्या येणाजाणारा शेजारी मात्र तेथे शेजारी म्हणून नाही.

2012 साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 189 चौरस किलोमीटर. नागपूर जिल्ह्यातील उमरेड, कुही व भिवापूर आणि भंडाऱ्यातील पवनी या तालुक्यांत ते पसरले आहे. दुसऱ्याच वर्षी नागझिऱ्याहून 'जय' नावाचा वाघ चालत येथे आला आणि त्याने या रानाला नाव मिळवून दिले. गाड्या आल्या, मुक्कामाची ठिकाणे निघाली, गावच्या पोरांना गाईडचे काम मिळाले. एप्रिल 2016 नंतर जय दिसला नाही, आणि त्याच्या नावावर येणारी गर्दीही ओसरली. एका जनावरावर शेकडो चुली बेतायच्या, याला नियोजन म्हणत नाहीत.

याच काळात दुसरा प्रवाहही वाहत होता. 1988 च्या वननीतीने जंगलालगतच्या लोकांच्या गरजा पुन्हा पुढे आणल्या. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने तिसऱ्या कलमात 'निस्तार' हा आपला शब्द साऱ्या देशाच्या कायद्यात नेऊन बसविला. त्या कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 साली ग्रामसभेने स्वतःच्या पासावर बांबू विकला. जंगल तेथे उभे आहे. ज्यांचा हक्क ते राखतात, एवढी साधी गोष्ट त्या गावाने दाखवून दिली.

आता एक पाहिलेला प्रसंग सांगतो. चैत्रातली पहाट होती. आम्ही तेंदू मजुरांच्या बैठकीसाठी निघालो होतो आणि वाटेत एका जंगलाच्या फाटकाशी चहाला थांबलो. सहा-सात जिप्सी रांगेत उभ्या होत्या. पाहुण्यांची ओळखपत्रे तपासली जात होती. बाजूला एक म्हातारी डोक्यावर रिकामे टोपले घेऊन उभी होती, मोहाला निघालेली. वनरक्षकाने तिला परतविले. पोरगा उद्धट नव्हता. "माय, आत वाघीण आहे, पिल्लं आहेत, काही झालं तर माझी नोकरी जाईल," असे तो तिला समजावीत होता. म्हातारीने गाड्यांकडे पाहिले आणि विचारले, "मंग हे लोकं कसे जाऊन राह्यले जी?" तो म्हणाला, "त्यांच्याजवळ चिठ्ठी आहे." त्यावर ती म्हणाली, "तर मले बी एक चिठ्ठी देऊन द्या ना बाबू. केवढ्याची हाये?"

कोणी हसले नाही. आम्ही तो भाव विचारून घेतला. गाडी, गाईड आणि प्रवेश मिळून एका फेरीला जो पैसा पडत होता, तो तिच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा होता. त्या वनरक्षकाचा दोष आम्ही मानीत नाही. तो नियम पाळीत होता आणि त्या बाईचा जीवही राखीत होता. उन्हाळ्यात मोह वेचताना, सत्तर पानांचा एकेक पुडा बांधीत तेंदू तोडताना आमची किती माणसे वाघाने नेली, त्यांच्या घरी जाऊन बसण्याचे काम आम्हीच केले आहे. तेव्हा फाटक उघडा आणि सर्वांना सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही म्हणतो एवढेच की, म्हातारीचा प्रश्न कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नाही, आणि तो लिहिल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही.

तिकीट काढून गेलेला आत काय करतो, हेही पाहिले पाहिजे. 2024 च्या शेवटच्या दिवशी कुही तालुक्यातील गोठणगाव फाटकाच्या सफारीत एफ-2 वाघीण आणि तिची पाच पिल्ले यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविले. चित्रे सर्वत्र पसरली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. गाईड आणि चालक निलंबित झाले, दंडही झाला. ही आमचीच माणसे. संघटनेचा माणूस म्हणून त्यांची बाजू घ्यावी असा आमच्यावर दाब आला, तेव्हा आम्ही त्यांना बसवून सांगितले की, अपराध घडला आहे, तो नाकारू नका. वाघीण तुमची रोजी आहे. गिरणी कामगाराने माग फोडून कोणाचे भले झाले नाही. पण त्याच बैठकीत दुसरी गोष्टही बोलावी लागली. गाईडला पगार नाही, फेरीमागे पैसे. पावसाळ्यात फाटक बंद, म्हणजे चूल बंद. वाघ दिसला तर पाहुणा बक्षीस देतो, न दिसला तर तोंड फिरवितो. गाडी पुढे दामटण्याची लाच ज्या व्यवस्थेतच बसविलेली आहे, तेथे नुसत्या निलंबनाने शिस्त येत नाही. हाक्याच्या मजुराचा नातू आज गाईड झाला आहे. मात्र त्याची कमाई अजूनही पाहुण्याला जनावर दाखविण्यावरच टांगलेली आहे.

2012 साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत थांबविले होते. पुढे नियमावली झाली आणि गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनाला देऊ नये असे ठरले. गाड्या किती, रस्ते किती, वेळ किती, हे मोजणे आवश्यकच आहे. पण हे सारे मोजमाप तिकीटवाल्यापुरते आहे. आमची सूचना अशी की, निस्तारपत्रकाची जुनी रीत घ्यावी आणि तिच्या धर्तीवर प्रत्येक फाटकाचे एक प्रवेशपत्रक ग्रामसभेत बसून लिहावे. कोण आत जातो, कोणत्या कामाला, कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रहरी. मोहवाली, तेंदूवाला, देवाला जाणारा, शाळेचा वर्ग, सुटीचा मजूर आणि परगावचा पर्यटक, सर्वांची नावे एकाच कागदावर. ज्या वाटेवर वाघिणीची पिल्ले आहेत ती वाट त्या काळात सर्वांना बंद. म्हातारीलाही आणि जिप्सीलाही. बंदी सारखी असली की माणूस ती मानतो.

दुसरे, सर्वांना वाघच दाखविला पाहिजे हा हट्ट सोडावा. अडमची तटबंदी, मामा तलावावरचे पक्षी, पळस फुललेले माळ, हे पाहावयास जिप्सी लागत नाही, पाय लागतात. येथे झुडपी जंगल कामाला येईल. न्यायालयाने ते वन ठरविले आहे. तर त्याला गावाचे वन म्हणून राखावे, मोह-चारोळी-आवळ्याची झाडे लावावीत, गुरांसाठी व पोरांसाठी पायवाटा ठेवाव्यात. नागपूरच्या कामगाराने रविवारी बसने यावे, गावच्या गाईडबरोबर चार कोस फिरावे, मोहाखाली रोडगे खाऊन संध्याकाळी परत जावे. नागपूर-नागभीडची छोटी गाडी कुहीवरून जात असे. ती नोव्हेंबर 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. गरिबाचा प्रवेश हा नेहमीच गरिबाच्या गाडीवर अवलंबून असतो. तेव्हा एसटी आणि रेल्वे यांची वेळापत्रके हाही जंगलाच्या आराखड्याचाच भाग समजावा. आणि तिसरे, फाटकावरच्या माणसाला महिन्याचे वेतन, पावसाळ्यात वनाचेच काम, विमा आणि ओळखपत्र द्यावे. ज्या रस्त्यांवरून सफारी चालते, तसे कितीतरी रस्ते आणि बंधारे रोजगार हमीच्या मजुरांनी दुष्काळात घमेली वाहून बांधलेले आहेत. त्यांच्या मुलांना निदान एक दिवस त्या रस्त्याने फुकट नेले, तर खजिना रिता होणार नाही.

कोणी म्हणेल, लोकांना मोकळीक दिली की लोक जंगल तोडतात. तोडले आहे, आमच्याही गावांनी तोडले आहे. परंतु ज्याची वहिवाट मोडली त्यानेच बहुधा कुऱ्हाड रात्री चालविली, हा इतिहासही त्याच दप्तरांत आहे. आंभोऱ्याकडे पाहा. गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी बसली, आणि त्या पाण्याने कुही तालुक्यातील गावे उठविली. घरे गेली, घाट गेले. तरी महाशिवरात्रीला माणसे चैतन्येश्वराच्या टेकडीवर येतात. त्यांना तेथे बोलाविण्यासाठी कोणी योजना आखावी लागली नाही.

त्या म्हातारीला त्या दिवशी चिठ्ठी मिळाली नाही. तिने टोपले पालथे घातले, त्यावर बसून आमच्याबरोबर अर्धा कप चहा घेतला, आणि ऊन चढल्यावर फाटकाला वळसा घालून, जिकडून तिची आजी जात असे तिकडून, ती रानात गेली. वनरक्षकाने पाहिले आणि मान वळविली. कायद्याने ती गुन्हेगार ठरली, आणि त्यानेही कर्तव्यात कसूर केली. दोघांनाही ताठ मानेने वागता येईल असा एक कागद आपल्याला लिहावयाचा आहे. तो लिहिण्यास लागणारा शब्द कुहीच्या दप्तरात दीडशे वर्षांपासून पडून आहे.